शब्बाथ शाळेतली गाणी आणि रविवारचे पाव

मळ्यातली_जाई · २ नोव्हेंबर, रात्री ९.४०

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न दोन आहेत आणि एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून एकच धागा काढते.

नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी सहा वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेते. चौदा मुलं. सगळ्यांत धाकटी साडेचार वर्षांची, थोरला बारा पूर्ण. उपासना साडेनऊला असते, त्याआधी आठ ते नऊ आमची शाळा. निम्मी मुलं वस्तीवरून दोन-तीन किलोमीटर चालत येतात आणि पोटात चहाशिवाय काही नसतं. आधी मी बिस्किटांचे पुडे न्यायचे. मागच्या वर्षी भिशी लागली, त्यात २८ लिटरचा ओव्हन घेतला आणि शनिवारी रात्री घरीच पाव भाजायला लागले. रात्री छान लागतात. सकाळी मात्र इतके कडक होतात की धाकटी दोघं चहात बुडवल्याशिवाय खाऊच शकत नाहीत.

माझी कृती: अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे यीस्ट, दोन चमचे तेल, थोडी साखर, मीठ, मावेल तेवढं पाणी. पाच मिनिटं मळते, तासभर झाकून ठेवते, १८० वर ३५ मिनिटं भाजते.

दुसरा प्रश्न गाण्यांचा. मागच्या नाताळात मी मुलांना पाच गाणी दिली. कागदावर छापून दिली, चार रविवार सराव घेतला. कार्यक्रमात दोन मुली गायल्या, बाकीची कागदाकडे बघत उभी राहिली. सहा मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना देवनागरी वाचायला वेळ लागतो. कुणी म्हणतं रोमन अक्षरांत लिहून द्या, कुणी म्हणतं मोबाइलवर ट्रॅक लावा. ट्रॅक लावून पाहिला, मुलं मागे पडतात आणि मग गप्प होतात.

यंदा २१ डिसेंबरला कार्यक्रम आहे. सात रविवार हातात आहेत. ज्यांनी मुलांना गाणी शिकवली आहेत त्यांनी कृपया सांगा.

—

पेटीमास्तर · २ नोव्हेंबर, रात्री १०.१५

जाईताई, आधी एक सांगा. मुलं गातात तेव्हा पेटी कोण वाजवतं आणि सा कुठला धरतात?

—

मळ्यातली_जाई · २ नोव्हेंबर, रात्री १०.३२

मंडळीतले एक काका वाजवतात, साठीच्या पुढचे आहेत. काळी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, सुरू करतात. उपासनेत सगळी गाणी तिथूनच असतात, म्हणून मुलांनाही तीच पट्टी.

—

पेटीमास्तर · २ नोव्हेंबर, रात्री ११.०५

मग अर्धं दुखणं इथेच आहे.

काळी एक ही मोठ्या पुरुषाच्या गळ्याची सोय. आपल्या उपासनेच्या गाण्यांत बऱ्याच चाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य (मधल्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत फिरतात. काळी एकचा मंद्र पंचम सहा-सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यात नसतोच. तिथे ते मूल एक तर पुटपुटतं, नाही तर एकाच सुरावर बोलल्यासारखं म्हणतं, आणि आपण म्हणतो याला गळा नाही. मुलांसाठी अशी चाल पांढरी तीन किंवा चारवरून धरा. चाल जर सा पासून वर धैवतापर्यंतच जात असेल तर पांढरी एक किंवा काळी एकही चालेल. म्हणजे पट्टी गाण्यागणिक ठरवायची. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर कोणता ते आधी बघायचं, मग सा ठरवायचा.

आणि पहिले दोन रविवार पेटी बंद ठेवा. तुम्ही गा, त्यांनी ऐकायचं. मग एक ओळ तुमची, तीच ओळ त्यांची. पेटीच्या आवाजात मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो ऐकू आल्याशिवाय सूर जुळत नाही. 'मोठ्याने म्हणा' असं तर कधीही सांगू नका, मुलं ओरडायला लागतात आणि सूर चढतो. 'शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतकंच म्हणा' असं सांगा.

—

जुनी_भट्टी · ३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

पावाबद्दल मी लिहितो. आमच्या वडिलांची पुण्यात बेकरी होती, लाकडाची भट्टी, पहाटे तीनला लाद्या निघायच्या.

ताई, चार गोष्टी चुकताहेत.

पहिली म्हणजे यीस्ट. अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे फार झालं, वास येतो आणि पाव लवकर फुगून लवकर बसतो. इन्स्टंट यीस्ट सहा ग्रॅम पुरे, म्हणजे साधारण दोन लहान चमचे.

दुसरी मळणं. पाच मिनिटांत काही होत नाही. हाताने बारा ते पंधरा मिनिटं. पीठ हाताला चिकटतं म्हणून वरून कोरडा मैदा भुरभुरत असाल, तर तोच पाव कडक करतो. चिकटू द्या. सात-आठ मिनिटांनी ते आपोआप हात सोडतं. लोणी शेवटी घाला, आधी घातलं तर पिठाला ताण यायला वेळ लागतो. एक तुकडा बोटांनी हळूहळू ताणून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसेपर्यंत पापुद्रा ताणला गेला आणि फाटला नाही, तर झालं.

तिसरी भाजणं. ३५ मिनिटांत सगळा ओलावा जातो. ओव्हन आधी नीट तापवून १९० वर २० ते २२ मिनिटं. गोळे एकमेकांना लागून ठेवा, लादीसारखे. कडा एकमेकांना चिकटतात म्हणून बाजूंना कवच धरत नाही. लादी पावाचा मऊपणा त्यातच आहे.

चौथी, भट्टीतून काढल्यावर लगेच वरून लोणी फिरवा आणि ओलसर पिळलेलं सुती फडकं टाका. दहा मिनिटांनी काढा.

माप वजनानेच घ्या, वाटीने नको. मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध १५०, पाणी १८०, साखर ३०, मीठ ९, इन्स्टंट यीस्ट ६, लोणी ४०. सगळं मिळून ९१५ ग्रॅमच्या आसपास भरतं. सोळा गोळे केलेत तर एकेक ५५-५७ ग्रॅमचा, लहान मुलाच्या हातात बसेल असा.

—

मोगरा · ३ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

जुनी_भट्टी, वाचनखूण साठवली. फ्रीजमध्ये ठेवला तर पाव टिकतो का?

—

जुनी_भट्टी · ३ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

बुरशी उशिरा येते, पण पाव उलट लवकर कडक होतो. पावातला स्टार्च फ्रीजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने घट्ट होतो. बाहेर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, नाही तर सरळ फ्रीझरमध्ये. शिळा झाला तर इडलीपात्रात दोन मिनिटं वाफ द्या, पुन्हा मऊ होतो.

—

रमेदीची_लेक · ३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाली की धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, मी बारा वर्षं तिसरी-चौथीची मुलं घेतली आहेत.

भाषेचा प्रश्न आम्हालाही पुरून उरला आहे. आमची मुलं घरी कादोडी ही वसईची बोली बोलतात, शाळेत इंग्रजी आणि चर्चमध्ये पुस्तकी मराठी. माझ्या आजीच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये होती. तिला अर्थ कळत नसे, तरी सगळं तोंडपाठ होतं, कारण ती कानाने शिकली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मराठी आली, गाणी मराठीत रचली गेली आणि माझ्या आईच्या पिढीला पहिल्यांदा आपण काय गातो ते समजलं. ते सहजासहजी सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

म्हणून रोमनबद्दल माझं स्पष्ट मत: देऊ नका. मी दोन वर्षं दिलं. 'बाळ'चं मुलं 'बाल' करतात, 'गव्हाणी'चं 'गव्हानी'. ळ आणि ण त्या कागदावर उरतच नाहीत, आणि एकदा जीभ तशी वळली की पुढे सुधारायला फार वेळ लागतो. मी शेवटी कागदच बंद केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे जाड पेनाने देवनागरीत चार ओळी लिहिते आणि तिसऱ्या आठवड्यात भिंतीवर लावते. तोवर गाणं तोंडात बसलेलं असतं. मग मुलं वाचत नाहीत, ओळखतात. 'हा ळ बघ, इथे आपण बाळ म्हणतो.' माझ्या वर्गातली तीन मुलं अशी देवनागरी वाचायला शिकली.

आणि पाच गाणी फार होतात ताई. दोन घ्या.

—

सातासमुद्रापलीकडे · ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

रमेदीची_लेक यांना +१. आम्ही मेलबर्नला आहोत, मुलांचं मराठी वाचन शून्य. मी गाणं माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवते, एका वेळी एकच कडवं. गाडीत ऐकतात. पूर्ण गाणं एकदम पाठवलं की पहिलं कडवं पक्कं आणि पुढचं सगळं गुणगुण असं होतं.

—

शंका_निरसन · ४ नोव्हेंबर, सकाळी ९.००

मनापासून विचारतो, राग मानू नये. खाऊ देऊन मुलं गोळा करणं योग्य आहे का? मुलं गाण्यासाठी येतात की पावासाठी?

—

मळ्यातली_जाई · ४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

शंका_निरसन, राग नाही. सगळी मुलं आमच्या मंडळीतल्याच घरांतली आहेत. पाव नव्हते तेव्हाही येत होती, उपाशी येत होती. आठ वाजता तीन किलोमीटर चालून आलेल्या पोराला मी 'आनंदाने गा' म्हणायचं आणि त्याचं लक्ष पोटाकडे, हे मला सहन होत नव्हतं. पाव शाळा सुटल्यावर नाही देत, सुरू होण्याआधी देते. आला त्याला मिळतो, पाठ असो नसो.

उपासनेतल्या प्रभुभोजनाच्या पवित्र पावाशीही याचा संबंध नाही. तो पाळकसाहेब वेगळा आणतात, वेगळा ठेवतात.

पेटीमास्तर, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. एक गोष्ट लिहायची होती, परवा धाडस झालं नाही. मागच्या वर्षी एका नऊ वर्षांच्या मुलाला मी सांगितलं होतं, 'तू नुसते ओठ हलव.' सगळ्यांच्या खाली त्याचा एक सूर घुमायचा म्हणून. तो वर्षभर तसंच करतोय. ओठ हलवतो, आवाज नाही. काळी एकमुळे असेल असं मला कधी वाटलंच नाही. फार वाईट वाटतंय.

—

पेटीमास्तर · ४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

ताई, त्याला एकट्याला दहा मिनिटं आधी बोलवा. गाणं नको. तुम्ही त्याला हाक मारा, लांबवून, शेतातून मारतो तशी. त्याला तशीच उलटी हाक मारायला सांगा. हाकेचा जो सूर येईल तो पेटीवर शोधा. तो त्याच्या गळ्याचा सोयीचा सूर. तिथून सुरू करा.

—

ओवीबद्ध · ५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी कीर्तनाची परंपरा आहे. पण धागा वाचून राहवलं नाही.

लहान मुलांना गाणं शिकवायचं तर ओवी घ्या. माझी आजी जात्यावर म्हणायची, 'पहिली माझी ओवी', मग दुसरी, तिसरी. आम्हाला कुणी शिकवली नाही. आकडा पुढे सरकतो, चाल तीच राहते, दुसऱ्या ओळीत यमक लागतं. चार वर्षांच्या मुलाला पुढची ओवी कितवी ते आधीच माहीत असतं, म्हणून ते तिथे तुमच्याबरोबर असतंच. वाचायचा प्रश्न येत नाही. चालही चार-पाच सुरांतच फिरते, त्यामुळे पट्टीची पंचाईत नाही.

—

उंडो · ५ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

फोंड्याहून. ओवीचा विषय निघाला म्हणून सांगतो, हे तुमच्या घरचंच आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांनी ख्रिस्तपुराण रचलं ते ओवीत. १६१६ साली छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना त्यांची जुनी पुराणं वाचायची सोय राहिली नव्हती, मग आम्ही वाचायचं काय असं त्यांनी विचारलं, त्यातून ते आलं. पुढे ते देवळांतून, म्हणजे चर्चमधून, मोठ्याने म्हटलं जायचं. म्हणजे येशूच्या जन्माची कथा ओवीत गायला चारशे वर्षं होऊन गेली.

पावाचंही तसंच. पाव हा शब्दच पोर्तुगीज. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) सायकलवर भोंपू वाजवत येतो, उंडे, पोळी, काकणं, कात्रे असे नाना तऱ्हेचे पाव घेऊन. पूर्वी पीठ यीस्टने नाही, माडाच्या सुरेने फुगायचं. माझे आजोबा सांगायचे, सुरेचा पाव दुसऱ्या दिवशीही तोंडात विरघळायचा.

—

नगरकर_जुना · ५ नोव्हेंबर, दुपारी ४.००

उंडो, चांगली आठवण दिलीत. आमच्या नगरचीही एक सांगतो.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यानंतरची बरीच वर्षं नगरला राहिले. त्याआधी आमच्या देवळांत परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरं बरीच गायली जायची, आणि मराठी शब्द त्या चालींत कोंबलेले असायचे. आघात भलतीकडेच पडायचा. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं आत आणलं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकात त्यांच्या गीतांचा मोठा वाटा आहे, आणि आमच्या आज्या ती पुस्तक न उघडता म्हणत. फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, शाळेत आपण त्यांच्या कविता पाठ केल्या. मुलांना काय झेपतं ते त्या माणसाला ठाऊक होतं.

त्यामुळे जाईबाई, ओवी घ्या. पेटीही नको, टाळ आणि ढोलकी पुरे. आठ मात्रांचा भजनी ठेका मुलांच्या पायात आपोआप येतो.

—

मळ्यातली_जाई · ९ नोव्हेंबर, दुपारी २.२०

आजची हकिकत.

काल जुनी_भट्टी यांच्या मापाने केले. पंधरा मिनिटं मळलं, मैदा वरून अजिबात लावला नाही. नवव्या मिनिटाला पीठ खरंच हातातून सुटलं. ओट्याशी बसून उजेडासमोर पापुद्रा धरला, फाटला नाही. पाव रात्री कापसासारखे होते आणि सकाळीही मऊ. धाकटीने चहा मागितलाच नाही.

गाण्याचं: पेटी बंद ठेवली. काकांना आधी घरी जाऊन सांगितलं, ते म्हणाले, 'बाई, मलाही तेवढा आराम.' नऊ वर्षांच्या त्या मुलाला आधी बोलावून घेतलं होतं. देवळामागच्या लिंबाखाली उभं केलं आणि हाक मारायला सांगितली. आधी लाजला. मग त्याने शेरडांना मारतात तशी लांब 'हुर्रर्रओ' अशी हाक दिली. स्वच्छ, वरच्या सुरातली! पेटीवर शोधला, काळी तीन. आणि मी त्याला वर्षभर काळी एकच्या खाली उतरवत होते.

घरी येऊन तीन ओव्या रचल्या. सुचल्या तशा लिहिते, चुकलं असेल तर सांगा:

पहिली माझी ओवी, बेथलेहेम गावा
भाकरीच्या घरी, आसरा मिळावा

दुसरी माझी ओवी, गव्हाणीच्या गवता
मऊ मऊ हो रे, बाळ निजे आता

तिसरी माझी ओवी, गारठ्याच्या राती
मेंढपाळ आले, काठी घेऊन हाती

—

मोगरा · ९ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

किती सुंदर! 'भाकरीच्या घरी' म्हणजे काय?

—

नगरकर_जुना · ९ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर' असा आहे. आणि मराठी बायबलात सगळीकडे भाकरच आहे, पाव नाही. रोजच्या प्रार्थनेत आपण देवाकडे भाकर मागतो. भाषांतरकारांनी हा शब्द निवडला म्हणून ज्वारी-बाजरी खाणाऱ्या माणसाला ती प्रार्थना आपल्या चुलीजवळची वाटली.

दुसरी ओवी मला फार आवडली. गवताला सांगणं, मऊ हो म्हणून, हे बाईलाच सुचावं.

—

ओवीबद्ध · ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

चौथी-पाचवी तुम्ही रचू नका. मुलांना रचू द्या.

—

रमेदीची_लेक · १० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

+१. आणि मुलं गोठा, शेळ्या, कोंबड्या घालतील, घालू द्या. आमच्याकडे नाताळच्या गोठ्यात मुलांनी एकदा बोंबील सुकवायची वलांडही (काठ्यांची मांडणी) उभी केली होती. फादर बघून खूश झाले.

ओव्हन नसलेल्यांसाठी एक सांगते. मुंबईकडच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळच्या कॅथलिक) घरांत नाताळला फुगे करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट किंवा ताडी. पीठ सैल ठेवतात आणि मुठीतून अंगठा-तर्जनीच्या मधून गोळा पिळून गरम तेलात सोडतात. चेंडूसारखे टम्म फुगतात. मुलांचा नुसता गराडा पडतो.

—

मळ्यातली_जाई · २३ नोव्हेंबर, दुपारी १.३०

दोन अडचणी आल्या.

थंडी पडली. काल रात्री स्वयंपाकघरात १४ अंश होतं. दीड तास झाला तरी पीठ जागचं हललं नाही. कंटाळून तसंच भाजलं, पाव बसके झाले.

दुसरं, मुलांनी सहा ओव्या रचल्या, पण मोठ्या मुलींना इंग्रजी कोरसच हवं आहे. 'टीचर, ओव्या जुन्या वाटतात' असं एकीने सांगितलं.

—

जुनी_भट्टी · २३ नोव्हेंबर, दुपारी २.१५

थंडीत घड्याळ बघायचं नाही, पीठ बघायचं. दुप्पट झालं की झालं, मग एक तास लागो की तीन. ओलं केलेलं बोट हलकेच दाबा. खड्डा हळूहळू अर्धा भरून आला तर तयार. पटकन भरला तर थांबा. भरलाच नाही तर उशीर झाला.

बंद ओव्हनमध्ये आतला दिवा लावून पिठाचं पातेलं ठेवा, सोबत एक वाटी गरम पाणी. तेवढ्या उबेने काम होतं. दूध-पाणी कोमट हवं, बोट सहज बुडवून ठेवता येईल इतकंच. कढत पाण्यात यीस्ट मरतं.

खरं तर थंडी तुमच्या फायद्याची आहे. शनिवारी रात्री पहिल्यांदा फुगवून घ्या, गोळे करून ताटात लावा, तेल लावलेलं झाकण घालून फ्रीजमध्ये टाका. भाजलेला पाव फ्रीजमध्ये ठेवू नये, कच्चं पीठ ठेवावं. पहाटे सहाला बाहेर काढा, पावणेसातला भाजायला लावा. आठ वाजता मुलांच्या हातात गरम पाव.

—

मळ्यातली_जाई · २३ नोव्हेंबर, दुपारी २.४०

रविवारी सकाळी आमच्याकडे लाइट असेलच असं नाही.

—

जुनी_भट्टी · २३ नोव्हेंबर, दुपारी ३.००

तर गॅसवर. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात बोटभर मिठाचा थर, त्यावर तिवई, दहा मिनिटं झाकून मोठ्या आचेवर तापवा. मग पावांचं ताट आत, झाकण, आच मध्यमपेक्षा कमी. अर्धा तास धरा. वरून फार तांबूस होणार नाहीत पण आतून उत्तम होतात. ते मीठ स्वयंपाकात वापरू नका, त्याच कामाला डब्यात ठेवा.

—

पेटीमास्तर · २३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

मुलींचं म्हणणं झिडकारू नका. एक इंग्रजी कोरस घ्या, त्यांनाच शिकवायला सांगा. आणि ओवीत त्यांना दुसरा आवाज द्या: धाकटी ओवी म्हणतील तेव्हा मोठ्यांनी खाली नुसता 'सा' धरायचा, आकारात ('आ' म्हणत), तंबोऱ्यासारखा. हे अवघड काम आहे, श्वास चोरून घ्यावा लागतो, एकीने सोडला की दुसरीने धरायचा. अवघड म्हटलं की बारा वर्षांची मुलं ऐकतात.

—

शंका_निरसन · २४ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

जाईताई, मी वरती विचारलं होतं त्याचं उत्तर मला मिळालं. मैद्याचं एक पोतं किंवा जे लागेल ते पाठवायची इच्छा आहे. कसं पाठवू ते कळवा.

—

मळ्यातली_जाई · २४ नोव्हेंबर, रात्री ९.००

शंका_निरसन, मनापासून आभार. आमच्या मंडळीच्या पंचांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. मैद्यापेक्षा एक वजनकाटा मिळाला तर जास्त उपयोग होईल. मी अजून किराणा दुकानात जाऊन मोजून आणते.

—

मोगरा · २ डिसेंबर, सकाळी ११.००

गव्हाच्या पिठाचे होतील का हे पाव?

—

जुनी_भट्टी · २ डिसेंबर, दुपारी १२.१०

निम्मं गव्हाचं, निम्मा मैदा इथवर छान होतात. चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून ४०-५० ग्रॅम पाणी वाढवा, कालवून अर्धा तास तसंच ठेवा आणि मग मळा. पूर्ण गव्हाचे केले तर कोंडा पिठाचे धागे कापतो, पाव जड होतो. चव मात्र चांगली लागते.

—

मळ्यातली_जाई · २१ डिसेंबर, रात्री १०.५०

कार्यक्रम झाला. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

वजनकाटा आला आहे, शंका_निरसन. पहिल्याच दिवशी मुलांनी आपापली पाटी, चप्पल, एक मांजर असं सगळं मोजलं.

काल दुपारी मुलांनाच घरी बोलावलं होतं. मळून ठेवलं की तासभर पीठ फुगतं, तोच तास सरावाचा. झाकलेलं पातेलं मधोमध आणि आम्ही भोवती. मग सगळ्यांनी हात धुऊन गोळे वळले. तीन घाणे, ४८ पाव. एका ओवीला एक गोळा असं धाकट्यांनी आपलं आपण ठरवलं, त्यामुळे नऊ ओव्या पुन्हा पुन्हा म्हटल्या गेल्या आणि मला 'परत एकदा' म्हणावंच लागलं नाही. गोळे सारखे नव्हते. साडेचार वर्षांच्या बाईंचा गोळा लिंबाएवढा झाला, तो तिने स्वतःसाठी खूण करून ठेवला.

आज पहाटे लाइट नव्हती. पातेलं, मीठ, तिवई. शेजारणीचंही पातेलं आणलं, दोन शेगड्यांवर लावलं. वरून पांढुरकेच राहिले, पण देवळात नेईपर्यंत फडक्यातून वाफ येत होती.

गाण्याला पांढरी चार धरली. काकांनी फक्त सुरुवातीला सा दिला आणि पेटी मिटली. मोठ्या मुलींनी आकार धरला. पहिल्या ओवीला जरा डगमगला, नंतर स्थिर झाला. इंग्रजी कोरस आधी झालं होतं, तेही छान झालं. ओव्यांत कागद कुणाच्याच हातात नव्हता. पाचव्या ओवीला, शेरडाच्या ओवीला, मागच्या बाकावरच्या आज्या म्हणायला लागल्या. ती ओवी त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, पण 'पाचवी माझी ओवी' एवढं त्यांचंच होतं.

पाचवी ओवी त्या नऊ वर्षांच्या मुलाने रचली आहे:

पाचवी माझी ओवी, काळ्या शेरडाला
ऊब दे रे थोडी, देवाच्या पोराला

त्याने ती एकट्याने म्हटली. गेल्या रविवारी मी त्याची माफी मागितली होती, तेव्हा तो 'बरं' एवढंच म्हणाला होता. आज गाणं संपल्यावर माझ्याजवळ आला आणि विचारलं, 'टीचर, ईस्टरलापण ओवी करायची का?'

—

नगरकर_जुना · २१ डिसेंबर, रात्री ११.२०

शेरडाची ओवी वहीत उतरवून घेतली. उरलेल्या पाचही इथे टाका.

—

जुनी_भट्टी · २२ डिसेंबर, सकाळी ६.३०

ईस्टर एप्रिलमध्ये, तेव्हा नगरला चाळिशीला टेकलेलं असेल. यीस्ट चार ग्रॅमवर आणा आणि दूध-पाणी गार घ्या. पीठ अर्ध्या-पाऊण तासात वर येईल, तेव्हा सराव त्या हिशोबाने आखा.